आधी कोण जागं होतं?

मुलांनो, कॉम्प्युटरचं बटण दाबल्यावर तुम्ही काय करता? बरेच जण माऊस गरागरा फिरवतात आणि ‘किती वेळ लावतोय हा!’ म्हणून कुरकुरतात. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या शाळेतही हेच चालायचं. आमच्याकडे कॉम्प्युटर दोनच, एक जुना नि एक नवा. जुन्याचं नाव पोरांनी ‘आजोबा’ ठेवलं होतं. तास संपत आला तरी आजोबांचं उठणं चालूच, त्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून! शेवटी चौथीच्या वर्गाने जाहीर केलं, “बाई, आजोबांना भंगारात देऊन टाका.”

मी म्हटलं, “देऊ, पण आधी मोजू.”

मोजायचं तर सुरुवात नि शेवट ठरवायला हवा. बटण दाबलं ही सुरुवात. पण शेवट कोणता? पडद्यावर चित्र दिसलं तरी जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात घरघर चालूच असते. म्हणून ठरवलं, नोटपॅड उघडून पहिलं अक्षर उमटलं की घड्याळ थांबवायचं. नवा पाऊण मिनिटाच्या आत तयार. आजोबांनी घेतली तीन मिनिटं!

एवढा फरक का बरं? आपल्या स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. रोज सकाळी ओटा रिकामा असतो. आई कोठीतून पीठ, मीठ, तिखट काढून ओट्यावर मांडते, मग भाकरीला लागते. कॉम्प्युटरमधला ‘रॅम’ म्हणजे हा ओटा. वीज बंद झाली की तो रिकामा होतो. म्हणून चालू करताना सगळं सामान पुन्हा कोठीतून आणावं लागतं. आजोबांची कोठी म्हणजे हार्ड डिस्क. तिच्यात एक तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि एक बारीक दांडी पुढे-मागे सरकत हवी ती माहिती शोधते. सामान जागोजागी विखुरलेलं असलं की दांडीची धावपळ होते. नव्याची कोठी ‘एसएसडी’. तिच्यात फिरणारं काही नाही, नुसत्या चिप. माहिती झटकन हाती लागते.

नव्याची आणखी एक युक्ती आहे बरं का! २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून, ‘शट डाउन’ करताना कॉम्प्युटर उद्याच्या तयारीतला काही भाग डिस्कवर लिहून ठेवू शकतो. म्हणजे रात्रीच भाजी निवडून ठेवण्यासारखं! ‘रीस्टार्ट’ केलं की मात्र ही सवलत मिळत नाही. म्हणून आम्ही दोघांनाही रीस्टार्ट करून पुन्हा मोजलं. नव्याला थोडा वेळ जास्त लागला, पण जिंकला तोच.

मग काय, नवं ते सगळं झटपट? थांबा! १९८४ साली सरकारच्या ‘क्लास’ नावाच्या योजनेतून भारतातल्या काही शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ नावाचे कॉम्प्युटर आले होते. ते आमच्या आजोबांचेही पणजोबा! बटण दाबलं की बीप वाजायचं आणि लगेच काम सुरू. कारण त्याची मुख्य आज्ञावली ‘रॉम’ या चिपमध्ये कायमची भरलेली होती, कोठीतून काही आणायचंच नव्हतं. पण त्याचा ओटा होता अवघा ३२ किलोबाइटचा. आजचा ४ जीबीचा ओटा त्याच्या सव्वा लाख पटींहून मोठा आहे. कामं वाढली, तशी मांडामांडही वाढली.

आता शेवटची परीक्षा. दोन्ही कॉम्प्युटर पूर्ण जागे झाल्यावर मुलांनी एकच धडा दोघांवर टाइप केला. वेळ जवळजवळ सारखाच! कारण उशीर होत होता तो आमच्या बोटांमुळे. ते पाहून वर्ग गप्प झाला. आजोबा भंगारात गेले असते, तर सगळ्या वर्गाला एकच कॉम्प्युटर उरला असता आणि प्रत्येकाची पाळी आणखी लांबली असती.

मुलांनीच तोडगा काढला. जो आधी शाळेत येईल, त्याने परिपाठाआधी आजोबांना उठवायचं. परिपाठ संपेपर्यंत ते तयार! पुढे पैसे जमले की त्यांनाही एसएसडी बसवू, असंही ठरलंय.

तुमच्या शाळेतला कॉम्प्युटर हळू असेल, तर तुम्हीही घड्याळ घेऊन बसा. उठायला वेळ लागतो की कामाला, हे आधी नीट पाहा. मग ठरवा, काय?