दाराजवळ ठेवलेली पिशवी

मागच्या वर्षी पावसाळ्यात माझ्या मरहूम बहिणीचा धाकटा मुलगा पुण्याहून आमच्याकडे बीडला आला. आला म्हणजे, त्याच्या थोरल्या भावाने त्याला रात्रीच्या एसटीत बसवून दिला. पहाटे स्टँडवर उतरला तेव्हा खांद्याला एक पिशवी, कपाळाला पट्टी आणि तोंडातून शब्द नाही. थोरल्याचा फोन आधीच येऊन गेला होता. "खाला, महिनाभर ठेवून घ्या. इथली संगत वाईट आहे. एक पोरगा आहे, त्याच्याशी तेवढं बोलू देऊ नका."

आई-वडिलांच्या माघारी थोरल्याने स्वतःचे शिक्षण सोडले, गॅरेजात हात काळे केले आणि धाकट्याला अकरावीपर्यंत आणले. त्याचा शब्द मला मोडवेना. मी पोराचा मोबाईल काढून घेतला आणि कपाटात ठेवून चावी कमरेला लावली.

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, हे साऱ्या राज्याला ठाऊक आहे. पण आपल्या मोहल्ल्यातली पोरे बारा महिने जात असतात. कोणी पुण्याला गॅरेजात, कोणी मुंबईला बेकरीत, कोणी रंगकामाला. त्यांची खबर आपल्याला दोनदाच लागते, पैसे आले की किंवा भांडण झाले की. मधल्या दिवसांत ती कोणाबरोबर जेवतात, ताप आला तर पाणी कोण देते, हे आपण विचारत नाही.

पोरगा दिवसभर एक इंग्रजी पुस्तक घेऊन बसायचा. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळालेले, भिजून फुगलेले. मी विचारले, "बेटा, कशाचं पुस्तक आहे?" म्हणाला, "आमच्यासारख्या पोरांचं." एवढेच. मग एके संध्याकाळी लाईट गेली. मी चुलीपुढे भाकरी थापत होते, तो दारात बसला होता. आपणहून सांगू लागला. पाच-सहा संध्याकाळी गोष्ट चालली.

पुस्तकाचे नाव 'द आउटसायडर्स'. अमेरिकेतल्या टल्सा नावाच्या शहरातली गोष्ट. तीन भाऊ, आई-वडील मोटार अपघातात गेलेले. थोरला राबून घर चालवतो आणि धाकट्यावर सारखा डाफरतो. धाकट्याला वाटते, मी याला जड झालो आहे. गरीब वस्तीतल्या पोरांची एक टोळी, श्रीमंत घरच्या पोरांची दुसरी. एका रात्री श्रीमंत पोरे धाकट्याला हौदाच्या पाण्यात बुडवू लागतात, तेव्हा त्याचा दोस्त जॉनी, टोळीतला सगळ्यांत भित्रा पोरगा, सुरी चालवतो आणि एक जीव जातो. दोघे पळून एका ओसाड चर्चमध्ये लपतात. पुढे त्या चर्चला आग लागते आणि आत लहान मुले अडकतात. जगाने गुन्हेगार ठरवलेली हीच पोरे आत शिरून त्यांना बाहेर काढतात. जॉनी त्यात जबर जखमी होतो आणि पुढे दवाखान्यात मरतो.

मला वाटले, कोणा अनुभवी माणसाने लिहिले असेल. पोरगा म्हणाला, "खाला, एका शाळेतल्या मुलीने लिहिलंय." खरेच आहे ते. सुसान हिंटन हिने पंधराव्या वर्षी हे लिहायला घेतले. तिच्या एका मित्राला सिनेमाहून घरी परतताना दुसऱ्या टोळीच्या पोरांनी मारले, त्या रागातून लिखाण सुरू झाले. १९६७ साली पुस्तक निघाले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलीने पोरांच्या मारामाऱ्यांवर लिहिलेले कोण मनावर घेईल, म्हणून प्रकाशकाने नावाची नुसती आद्याक्षरे छापली, एस. ई. हिंटन. विडीकाडी आणि मारामाऱ्यांमुळे काही शाळांनी पुस्तक दूर ठेवले. पण कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी आणि मुलांनी पत्र लिहून नामवंत दिग्दर्शक कपोला यांना त्यावर चित्रपट काढायला सांगितले आणि १९८३ साली तो निघालाही.

आपल्याकडेही या पोरांवर लिहिले गेले आहे. १९६५ साली भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' आली. मुंबईच्या नाक्यावरची पोरे, त्यांचीच बोली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. ते मोठ्यांनी वाचायचे पुस्तक, पोरांच्या हाती मी देणार नाही. मात्र सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००२ सालचा 'दहावी फ' हा चित्रपट घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा आहे. शाळेने टाकून दिलेल्या तुकडीतली पोरे, आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारे एक मास्तर.

चर्चची आग सांगून झाली आणि पोरगा गप्प झाला. मग खाली मान घालून म्हणाला, "खाला, त्या दिवशी पहिला हात मी उचलला होता."

क्लासबाहेर मोबाईलवरून भांडण झाले होते. समोरच्या पोराचे डोके फुटले. पोलीस आले तेव्हा या दोस्ताने सांगितले, मी एकट्याने मारले. आमच्या पोराचे नाव कागदावर आलेच नाही. तो पोरगा निरीक्षणगृहात गेला आणि आमचा एसटीत बसून खालाकडे आला. का केले असे, म्हणून मी विचारले. "म्हणाला, तुझी अकरावी आहे. माझं काय, शाळा तर सुटलीच आहे."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. ज्याच्याशी बोलू द्यायचे नाही, त्याच्यामुळे आमचे पोरगे माझ्यासमोर बसले होते.

मारामारी केली ते चुकलेच. दोस्ताला पुढे करून मागे राहणे त्याहून चुकले. मी पोराला तसे स्पष्ट सांगितले. रात्री थोरल्याला फोन लावून त्याच्याच तोंडून सगळे वदवले. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग थोरला म्हणाला, "मला भीती वाटते खाला. हाही हातचा जाईल म्हणून मी ओरडतो." धाकटा शेजारीच उभा होता, त्याने ते ऐकले. चार दिवसांनी थोरला स्वतः बीडला आला आणि दोघे भाऊ मिळून परत गेले. पोलीस ठाण्यात जाऊन आमच्या पोराने खरे काय ते सांगितले. त्याचे जे व्हायचे ते कायद्याप्रमाणे चालू आहे, पण पोरगा आता रात्री झोपतो.

यंदा रमजान ईदला तो दोस्तही आमच्या घरी आला. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीचे पेपर नुकतेच दिले होते. बारीक अंगाचा, खाली बघून बोलणारा पोरगा. आता एक गोष्ट कबूल करते. तो येणार म्हणून सकाळीच मी माझी पर्स आणि कानातले डबे ठेवायच्या फळीवरून काढून कपाटात कुलूपबंद केले होते. सगळे ऐकून, समजून, वर तासभर कौतुक करूनही माझ्या हातांनी हे काम केले.

पोरगा शिरखुर्मा प्याला, स्वतःची वाटी स्वतः धुऊन पालथी घातली. रात्री मुक्काम केला. त्याने आपली पिशवी आत आणली नव्हती. दाराजवळ, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती, आणि तिची चेन उघडी होती. आतले दोन शर्ट आणि टॉवेल कोणालाही दिसावेत अशी. मी म्हटले, "बेटा, पिशवी आत ठेव, उंदीर लागतील." तो हसला. "राहू द्या खाला. सवय आहे."

किती घरांत जाऊन त्याला ही सवय लागली असेल?

मी उठले, ती पिशवी उचलली, चेन लावली आणि कपाटात माझ्या पर्सशेजारी ठेवली. चावी त्याच्या हातात दिली. सकाळी जाताना त्याने ती चावी मला परत केली आणि माझ्या पोराने ते फुगलेले पुस्तक त्याच्या पिशवीत टाकले.

भगिनींनो, आपल्या मुलाचा दोस्त दारात आला की आपण त्याचा बाप काय करतो ते विचारतो. एकदा त्याला जेवायला बसवून बघा.