ओर्व्हिएतो : दुसऱ्या मुक्कामीं

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें, म्हणजे सुमारें सव्वा तासानें डाव्या हाताच्या खिडकींतून एक उभा कडा दिसूं लागतो. त्याच्या माथ्यावर एक सबंध गांव वसलेलें आहे. हेंच उंब्रिया प्रांतांतील ओर्व्हिएतो. पांच वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां येथें अवघे दोन दिवस उतरलों होतों. आणि घरीं परतल्यावर जेवणाच्या पंगतींत त्याचें नांव निघालें नाहीं, असा आठवडा गेला नाहीं. अखेर सेवानिवृत्तीनंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबर असे तीन महिने आम्ही तेथेंच काढले. एकदां पाहिलेल्या रम्य स्थळीं पुन्हां जाऊं नये, मनांतलें चित्र विटतें, असें जाणते लोक सांगतात. आमचें चित्र विटलें नाहीं. पण बदललें मात्र खरें.

स्टेशनापासून वर जाण्यास दोरानें ओढली जाणारी गाडी आहे. १८८८ सालीं ती सुरू झाली, तेव्हां वरच्या डब्याच्या टाकींत पाणी भरीत. त्या भारानें तो खालीं येई आणि खालचा डबा वर चढे. १९७० सालीं ती बंद पडली आणि १९९० पासून विजेवर पुन्हां चालूं लागली. पहिल्या खेपेस ही हकीकत आम्हीं केवळ गंमत म्हणून ऐकली होती.

त्या खेपेस पाहण्यासारखें बहुतेक सारें पाहून झालें होतें. पांढऱ्या व काळसर दगडांच्या आडव्या पट्ट्यांचें तें भव्य कॅथीड्रल १२९० सालीं सुरू झालें. त्याच्या एका प्रार्थनामंदिरांत लूका सिन्योरेल्ली यानें १४९९ ते १५०४ या काळांत जगाचा अंत आणि मृतांचें पुनरुत्थान रंगविलें आहे. दुसरें नवल सेंट पॅट्रिकच्या विहिरीचें. १५२७ सालीं रोम शहर लुटलें गेलें, तेव्हां पोप सातवा क्लेमेंट आश्रयास येथें आला. वेढा पडल्यास गांव पाण्यावांचून शरण जाईल, या धास्तीनें त्यानें ही विहीर खोदविली. धाकटा आंतोनियो दा सांगाल्लो हा तिचा स्थपति. काम पुरें झालें १५३७ सालीं. ५० मीटरांहून खोल अशा या गोल विहिरीभोंवतीं दोन चक्राकार जिने एकमेकांत गुंफले आहेत. प्रत्येकास २४८ पायऱ्या. एका वाटेनें खेंचर रिकामें उतरे, दुसऱ्या वाटेनें पाणी घेऊन चढे. दोघांची गांठ कधीं पडत नसे.

या खेपेस दिनक्रम निराळा होता. गुरुवारीं व शनिवारीं चौकांतल्या बाजारांतून भाजी आणावी, पाव बिनमिठाचा असतो हें पुन्हां एकदां विसरावें, गव्हाचें पीठ आणि पाणी यांच्याच केलेल्या, जाड शेवयांसारख्या उंब्रिकेल्ली शिजवाव्या, असें चाललें होतें. तिसऱ्या आठवड्यांत स्वयंपाकघरांतील मोरीखालची नळी गळूं लागली. थेंब थेंब तर पडतो, असें म्हणून मीं खालीं पातेलें ठेविलें व स्वस्थ राहिलों. एके दिवशीं वरच्या मजल्यावरील आजीबाई आल्या. पातेलें दिसतांच त्यांचा चेहरा पालटला.

“हें कधींपासून?”

“चार दिवस झाले असतील, सिन्योरा,” मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्यें म्हणालों.

“चार दिवस! अहो, कड्यावर राहणाऱ्यानें पाणी गळूं द्यायचें नसतें.”

त्याच सायंकाळीं त्यांनीं प्लंबर आणून उभा केला.

या रागाचें मूळ मागाहून उमगलें. हा कडा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाचा. त्याच्या तळाशीं चिकणमातीचा थर. दगड मऊ, म्हणून इट्रुस्कन लोकांच्या काळापासून माणसें तो पोखरीत आलीं. विहिरी, कोठारें, तेलघाणे, पारव्यांसाठीं कोनाड्यांच्या खोल्या, अशीं सुमारें १२०० भुयारें गांवाखालीं आहेत. जुन्या नळांतून व गटारांतून झिरपणारें पाणी मुरून कड्याच्या कडा ढांसळूं लागल्या. अखेर १९७८ सालीं इटालियन संसदेनें हा कडा आणि तोदी गांवाची टेकडी वांचविण्यासाठीं खास कायदा केला. कड्याला पोलादी गजांनीं आवळलें. नळ व गटारें नव्यानें घातलीं. ज्या पाण्यासाठीं पोपानें एवढी विहीर खोदविली, तेंच घराघरांतून गळून पुढें गांवाच्या मुळावर आलें होतें.

आजीबाईंशीं परिचय वाढल्यावर एके रात्रीं त्यांनीं खिडकींतून बोळ दाखविला. “येथें पूर्वीं प्रत्येक खिडकींत दिवा असे. आतां आम्ही तीन घरें उरलों. बाकीचीं तुमच्यासारख्यांचीं.” आमचें बिऱ्हाड होतें त्या खोल्यांत पूर्वीं तीन मुलांचें एक कुटुंब नांदत होतें. तें पायथ्याच्या नव्या वस्तींत गेलें. ओर्व्हिएतोचे बहुतेक रहिवासी आतां तेथेंच राहतात. प्रवाशाकडून मालकाला भाडें अधिक मिळतें. मला उत्तर सुचलें नाहीं. या गांवावर आमचें प्रेम होतें, म्हणूनच तर आम्हीं तें घर घेतलें होतें.

नोव्हेंबरांत आम्ही कड्याच्या पायथ्याचें इट्रुस्कनांचें स्मशान पाहावयास गेलों. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांतलीं दगडी थडगीं घरांसारखीं गल्लीगल्लीनें उभीं आहेत आणि दारावरच्या शिळेवर घराण्याचें नांव कोरलेलें आहे. अडीच हजार वर्षें तीं नांवें तेथें आहेत. वर गांवांत आमच्या दारावर मात्र नांव नव्हतें. होता तो केवळ क्रमांक, आणि किल्लीची एक पेटी. सौभाग्यवती परततांना वाटेंत कांहींच बोलली नाहीं.

निघण्याच्या सकाळीं पाल्या नदीच्या खोऱ्यांत धुकें भरलें होतें आणि गांव समुद्रांतल्या बेटासारखें वर राहिलें होतें. आम्ही आजीबाईंचा निरोप घ्यावयास गेलों.

“पुन्हां येणार ना?” त्यांनीं विचारिलें.

“येणार,” सौभाग्यवती म्हणाली, “पण तुमच्या बोळांतलें घर अडवून नव्हे. खालीं एखाद्या हॉटेलांत उतरूं.”

आजीबाई हंसल्या. “मग वर चढून माझ्याकडे जेवायला या. आणि जातांना तेवढी नळी कोरडी आहे ना, पाहून जा.”

आम्हीं ती पाहिली. कोरडी होती.