आयोवाचा वारा, वॉशिंग्टनची लहर

अमेरिकेला गेलेला आपला माणूस न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती आणि नायगाराचा धबधबा पाहून परततो. मधल्या आयोवा राज्यात मक्याखेरीज पाहण्यासारखे काय आहे, असे तिथे राहणारा माझा भाचाही म्हणत होता. तरी जून २०२५ मध्ये आम्ही मोटारीने ओमाहाहून दे मॉईनकडे निघालो. अडेर गाव जवळ आले आणि मक्याच्या चढउतारांवर पांढऱ्याशुभ्र पवनचक्क्या दिसू लागल्या. एक नाही, दोन नाही. नजर पोचेल तिथवर!

या राज्यातली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून होते. चक्कीच्या पायाशी थोडी जागा अडते, बाकी शेतात मका आणि सोयाबीन सुखाने डोलत असतात. वाटेत कॉफीला थांबलो, तिथे एक म्हातारा शेतकरी भेटला. त्याच्या रानात दोन चक्क्या होत्या. "मक्याचा भाव माझ्या हातात नाही, पाऊसही नाही. यांचे भाडे मात्र ठरल्या दिवशी येते," असे तो म्हणाला.

हे वैभव नुसत्या वाऱ्याने आलेले नाही. वारा पूर्वीही वाहतच होता. १९९२ साली याच राज्याचे सेनेटर चक ग्रासली यांच्या पुढाकाराने, वाऱ्यापासून केलेल्या विजेच्या दर युनिटमागे पहिली दहा वर्षे दीड सेंट करसवलत देण्याचे ठरले. पण सवलतीला मुदत होती. ती संपे, आणि कायदेमंडळाच्या मर्जीने पुन्हा जिवंत होई. १९९९, २००१ आणि २००३ साली ती संपली. लगेच २०००, २००२ आणि २००४ साली नव्या चक्क्यांची उभारणी कोसळली. २०१२ मध्ये देशभर सुमारे १३,००० मेगावॉटच्या चक्क्या बसल्या. सवलत राहते की जाते या घोळात २०१३ मध्ये बसल्या जेमतेम १,१०० मेगावॉटच्या. वाऱ्याला आपण उगीच लहरी म्हणतो!

या लहरीची किंमत कोण मोजतो, ते दे मॉईनच्या पूर्वेला न्यूटन गावात कळते. सुमारे १५,००० वस्तीचे हे गाव मेटॅग कंपनीच्या कपडे धुण्याच्या यंत्रांवर पोसले गेले. २००७ मध्ये तो कारखाना बंद पडला. पाठोपाठ पवनचक्कीची पाती करणारा कारखाना आला. एकेक पाते तीन एस.टी. गाड्यांहून लांब. मेटॅगच्या रिकाम्या इमारतीत चक्क्यांचे मनोरे घडू लागले, आणि ते पाहायला २२ एप्रिल २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा आले. पुढे सवलत टप्प्याटप्प्याने घटत गेली, आणि २०२१ अखेर पात्यांचा कारखाना बंद झाला. २०२२ च्या कायद्याने सवलत वाढवली, तेव्हा तो पुन्हा उघडण्याची बोलणी सुरू झाली. एका पिढीतल्या कामगाराने किती वेळा नवे काम शिकावे?

४ जुलै २०२५ रोजी नव्या कायद्यावर सही झाली. ४ जुलै २०२६ नंतर काम सुरू होणाऱ्या पवन आणि सौर प्रकल्पांना सवलत हवी असेल, तर त्यांनी २०२७ अखेर वीज दिली पाहिजे, अशी अट त्यात आली. घराच्या छपरावरील सौर तावदानांची ३० टक्के सवलत २०२५ अखेरपर्यंतच ठेवली गेली. ग्रासली यांनीही या कायद्याच्या बाजूने मत दिले. मग ऑगस्टमध्ये, सवलतीचे नियम आणखी आवळले जाऊ नयेत म्हणून, अर्थखात्यातील नेमणुका त्यांनीच अडवून धरल्या.

आपण हसण्याचे कारण नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर चक्क्या उभ्या राहिल्या, त्यामागेही यंत्राची बहुतेक किंमत पहिल्याच वर्षी घसाऱ्यात धरण्याची मुभा होती. २०१२ साली ती काढली. देशातली नवी उभारणी वर्षभरात जवळजवळ निम्म्यावर आली. २०१४ मध्ये ती परत दिली.

सरकारी तिजोरीतून धंद्याला जन्मभर पोसावे, असे कोण म्हणेल? सवलत जरूर संपवावी. पण तारीख बरीच आधी सांगावी आणि ती पाळावी. चक्की उभारायला वर्षे लागतात, कामगार तयार व्हायला त्याहून अधिक. वॉशिंग्टन असो वा दिल्ली, मते मागायला दारी येणाऱ्या उमेदवाराला एवढे एक वचन मागायला हरकत नाही.