वॉटर बॉडी

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो, जवळपास तेवढाच हिस्सा सायलेन्सरवाटे हवेत जातो आणि उरलेल्यातला बराचसा भाग इंजिनाच्या बिडाच्या भिंतींत साठू लागतो. तो तिथेच राहिला तर हेड वाकते, पिस्टन सिलिंडरला धरतो आणि वर्षानुवर्षे चाललेले यंत्र काही मिनिटांत निकामी होते. ही नकोशी उष्णता पाण्याकरवी रेडिएटरपर्यंत नेऊन वाऱ्यावर सोडायची असते आणि त्यासाठी पाणी सतत फिरते ठेवणारा जो ओंजळभर आकाराचा पंप इंजिनाच्या तोंडाशी बसवलेला असतो, त्याला महाराष्ट्रातल्या बहुतेक गॅरेजांत ‘वॉटर बॉडी’ म्हणतात. जुन्या डिझेल पिकअपच्या आयुष्यात हा भाग दोन-तीनदा तरी बदलला जातो. प्रत्येक वेळी दोष त्या भागाला दिला जातो. पण तो का गेला याचे उत्तर शोधू लागल्यास ते त्याच्या धातूपेक्षा त्यातून वर्षे-वर्षे फिरलेल्या पाण्यात अधिक सापडते.

मोटारींना असा पंप अगदी सुरुवातीपासून लागत होता असेही नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी जड होऊन खाली उतरते, या साध्या नियमावर, म्हणजे ज्याला तापाभिसरण म्हणता येईल त्यावर, आरंभीची अनेक इंजिने चालली. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे २५०० गाड्यांना पंप होता आणि नंतर तो खर्चिक व अनावश्यक ठरवून चक्क काढून टाकण्यात आला. मात्र या गाड्या चढावर तापतात असा अनुभव आल्याने त्यांना बाहेरून जोडायचे पंप इतर कारखानदार पुढे विकू लागले. त्याआधीच, १९००-०१ च्या सुमारास, विल्हेल्म मायबाख याने मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी ८०७० बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर केला होता, ज्यामुळे थोड्या पाण्यात खूप उष्णता बाहेर टाकणे शक्य झाले. थोडे पाणी पुरवायचे तर ते वेगाने फिरवावे लागते. म्हणजे रेडिएटर जसजसा सुधारत गेला, तसतसे इंजिन पंपावर अधिकाधिक अवलंबून होत गेले.

महाराष्ट्रातील रस्त्यांशी या पंपाचा खरा परिचय झाला तो डिझेलच्या छोट्या मालवाहू गाड्यांमुळे. महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. त्यातला ४ हा आकडा सिलिंडरांची संख्या आणि ९० हा त्यांचा मिलिमीटरमधला व्यास सांगतो, आणि त्या चारांची मिळून क्षमता २११२ घन सेंटिमीटर भरते. १९८८ मध्ये पुण्याहून टाटामोबाइल आली, पुढे २५२३ घन सेंटिमीटरचे इंजिन असलेली बोलेरो पिकअप आली, आणि नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो असो की लासलगावचा कांदा, तो वाहून नेणाऱ्या गाडीला ‘पिकअप’ हे एकच नाव सर्वत्र रूढ झाले. महिंद्रच्या इंजिनांचा कारखाना इगतपुरीला, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आणि कसारा घाटाच्या अगदी माथ्याशी असावा, यात योगायोगापलीकडे काही नसेलही. तरी वैशाखात मुंबईहून परतीचा माल भरून निघालेल्या पिकअपची शीतनव्यवस्था जिथे खरोखर पणाला लागते तो चढ नेमका या कारखान्याच्या पायथ्याशी आहे, हे गमतीचे खरेच.

ज्यांचे बालपण १९८०च्या दशकात जीप, मॅटॅडोर किंवा टेम्पोच्या पुढच्या बाकावर गेले, त्यांना घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग आणि झऱ्यावरून डबा भरून आणण्याचे मुलांकडे सोपवलेले काम वेगळे आठवून द्यावे लागत नाही. त्या वयात गाडीला तहान लागते एवढेच कळते. पुढे त्याच पिढीतल्या काहींच्या हाती स्टिअरिंग येते तेव्हा तापमानाच्या काट्याकडे पाहण्याची सवय जडते, आणि आणखी काही वर्षांनी, गाडी स्वतःच्या नावावर झाल्यावर, तो काटासुद्धा नेहमी खरे बोलत नाही हे ध्यानात येते: पाण्याची पातळी तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या खाली गेली की तो कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा उलट खाली उतरू शकतो. उतरलेला काटा पाहून निर्धास्त झालेल्या चालकाने गाडी तशीच पुढे दामटावी आणि हेडचे काम काढून बसावे, असे प्रकार गॅरेजवाल्यांना नवे नाहीत.

पंपाची रचना वरकरणी साधी असते. इंजिनाच्या पुढच्या बाजूला पट्ट्याने फिरणारी पुली, तिच्यामागे बेअरिंगमध्ये बसवलेला दांडा आणि दांड्याच्या आतल्या टोकाला पाती असलेली चकती, म्हणजे इंपेलर, असे तिचे तीन भाग. ताक घुसळताना रवीभोवतीचे ताक जसे डेऱ्याच्या कडेकडे फेकले जाते, तसे इंपेलरच्या मध्यभागी आलेले पाणी पात्यांमुळे कडेला फेकले जाते, तिथल्या दाबाने ते सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांत शिरते आणि मध्यभागी कमी झालेल्या दाबामुळे रेडिएटरच्या तळाचे थंड पाणी आत ओढले जाते. इथपर्यंत सारे सरळ आहे. खरा पेच आहे तो फिरणारा दांडा पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जिथे येतो तिथे, कारण दांडा मिनिटाला हजारो फेरे घेत असताना त्याच्या कडेने पाणी बाहेर पडता कामा नये, आणि तरीही दांड्याला धरून ठेवील असा घट्टपणाही तिथे चालत नाही.

या पेचावरचा उपाय म्हणजे यांत्रिक सील: एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची, अशा दोन आरशासारख्या गुळगुळीत कड्या, ज्यांपैकी एक दांड्याबरोबर फिरते, दुसरी स्थिर राहते आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. त्या दोहोंमध्ये पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि तोच त्यांचे वंगण होय. म्हणून पाणी नसताना पंप फिरला तर सील थोड्याच वेळात जळते. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये पंपाच्या पोटाला खालच्या अंगाने एक बारीक भोक ठेवलेले असते. सीलमधून झिरपलेले पाणी बेअरिंगमध्ये शिरून त्यातले ग्रीस धुऊन नेण्यापूर्वी बाहेर पडावे, आणि त्याबरोबर मालकालाही वर्दी मिळावी, अशा दुहेरी हेतूने ते केलेले आहे. त्याच्या तोंडाशी सुकलेला थोडासा डाग असणे स्वाभाविक मानतात. पण खाली ओघळलेली पांढरट, हिरवट किंवा तांबूस रेघ दिसू लागली की पंपाचे दिवस भरत आले असे समजावे. हे भोक एम-सीलने बुजवून गळती ‘बंद’ करण्याचा उपाय अधूनमधून पाहायला मिळतो. इतका आत्मघातकी उपाय मोटारदुरुस्तीत दुसरा क्वचितच असेल, कारण जे पाणी जमिनीवर पडायचे ते मग बेअरिंगमध्ये मुरते, बेअरिंग आधी खरखरते आणि मग ढिले होते. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच इंजिनांत पंखासुद्धा याच दांड्यावर बसवलेला असल्यामुळे, डगमगणारा पंखा शेवटी रेडिएटरच्या नळ्याच कापून काढतो.

सील का झिजते, हा प्रश्न गाडीच्या मालकीच्या इतिहासाशी जोडलेला आहे. पहिल्या मालकाकडे गाडी असेपर्यंत तिच्यात सहसा ठरवून दिलेले कूलंट असते. कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण, जे क्षारविरहित पाण्यात बहुधा निम्मे-निम्मे मिसळतात. दुसऱ्या मालकाच्या काळात गाडी बाजार समित्यांच्या फेऱ्यांना लागते, कुठेतरी होज पाइपची क्लिप सैल होते आणि पातळी कमी दिसली की हाताशी असेल ते पाणी टाकले जाते. दर वेळी थोडेच, पण त्या थोड्याथोड्याने गंजरोधक विरळ होत जातो. तिसऱ्या मालकाकडे, म्हणजे बहुधा एखाद्या शेतकऱ्याकडे, गाडी येते तेव्हा रेडिएटरमध्ये निखळ बोअरचे पाणी असते, आणि दख्खनच्या काळ्या कातळाखालून उपसलेले हे पाणी पुष्कळ गावांत इतके जड असते की स्वयंपाकाच्या भांड्यांवरही त्याचा पांढरा थर धरतो. तोच थर सिलिंडरांभोवती धरतो आणि भिंतीतून पाण्यात उतरू पाहणारी उष्णता अडवतो, तर गंजाने तांबूस झालेल्या पाण्यातले कण सीलच्या आरशासारख्या कड्यांवर पॉलिशपेपरचे काम करतात. पत्र्याचा इंपेलर असेल तर त्याची पाती कुरतडल्यासारखी आखूड होत जातात. असा पंप गळत नाही, वाजत नाही, फक्त पाणी ढकलेनासा होतो, आणि म्हणूनच त्याचे निदान सर्वांत कठीण असते.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तेव्हा कूलंट ही कंपन्यांनी काढलेली क्लृप्ती आहे, असे मत अनेक अनुभवी मिस्त्रींचे असते आणि ते सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. निम्मे ग्लायकॉल मिसळल्याने मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, हा गुण सोलापूरला निरुपयोगीच आहे. शिवाय उष्णता सामावून घेण्याची क्षमता निव्वळ पाण्यात या मिश्रणापेक्षा जास्त असते, हेही खरे. उकळबिंदू वाढवण्याचे मुख्य काम तर रेडिएटरचे झाकणच करते, कारण सुमारे एक बार जादा दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळते. (तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नये ते याचसाठी: दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून अंगावर येते.) मिस्त्रींच्या युक्तिवादातून जे निसटते ते गंजरोधक. थंडी नसलेल्या प्रदेशातही बिडाला गंज चढतो, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि सील झिजते, आणि त्याचा हिशेब कूलंटच्या डब्याच्या किमतीशी कोणी मांडत नाही, कारण एक खर्च दुकानात रोख द्यावा लागतो आणि दुसरा तीन वर्षांनी घाटात येतो.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम इंजिन थंड झाल्यावरच हाती घेतात. बॅटरीची तार सोडवून, खालचा होज पाइप काढून पाणी उतरवले की त्याच्या रंगावरून पुढच्या खर्चाचा अंदाज येतो. मग पंख्याभोवतीचे कव्हर, पंखा, पट्टा आणि पुली या क्रमाने वाट मोकळी केली जाते आणि पंपाचे बोल्ट दिसू लागतात. यांतले काही बोल्ट पाण्याच्या पोकळीपर्यंत गेलेले असतात. वर्षानुवर्षे भिजून गंजलेला असा बोल्ट जोर लावताच मुंडीपासून तुटतो, आणि दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते ते इथेच. जाणता कारागीर त्यामुळे घाई करत नाही: गंज सोडवणारे तेल आदल्या संध्याकाळी सोडतो, पान्याने बोल्ट सोडण्याआधी किंचित आवळून पाहतो, आणि कोणता लांब व कोणता आखूड हे विसरू नये म्हणून पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून तिच्यात ते खोचून ठेवतो. पंप निघाल्यावर उरलेले जुने पॅकिंग, म्हणजे दोन धातूंच्या मधला कागदी थर, पात्याने खरवडताना इंजिनाच्या पृष्ठावर ओरखडा उठता कामा नये. नवा पंप कितीही चांगला असला तरी त्या ओरखड्यातून पाणी वाट काढतेच.

जुन्या पंपालाच नवे किट बसवावे, म्हणजे लेथवाल्याकडून दांडा, बेअरिंग आणि सील प्रेसने बदलून घ्यावे, की अख्खा पंप नवा घ्यावा, यावर गॅरेजांत मतभेद आहेत. किट स्वस्त पडते आणि जुने बीड पुष्कळदा आजच्या ओतीवापेक्षा दणकट असते, हे मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की इंपेलर आणि पंपाची भिंत यांतले मिलिमीटरभराचे अंतर नेमके राखणारा लेथवाला मिळाला तरच तो सौदा फायद्याचा. अंतर वाढले तर पाणी पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी घुसळत राहते. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करत आवळायचे, पट्टा अंगठ्याने दाबला असता साधारण सेंटिमीटरभर लवेल इतकाच ताणायचा, कारण अतिताणलेला पट्टा नव्या बेअरिंगलाही लवकर संपवतो. आणि पाणी हळूहळू भरत, झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालू देत अडकलेली हवा बाहेर काढायची.

याच वेळी ‘आपल्याकडे लागत नाही’ म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरणारी झडप, काढून फेकण्याची रीत आहे. ज्या इंजिनांत ही झडप उघडताना जवळची आडवाट बंदही करते, त्यांत ती काढल्यावर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत येते, आणि थंड राहावी म्हणून केलेली युक्ती चढावर गाडी तापवते. सपाट रस्त्यावर मात्र इंजिन हवे तितके तापतच नाही आणि डिझेल जास्त जळते. रेडिएटर आतून धुतल्यावाचून नवा पंप लावणे हाही त्याच जातीचा काटकसरीचा प्रकार. जुना गाळ नव्या सीलला जुन्या सीलच्याच वाटेने नेतो.

पंप बदललेल्या जुन्या पिकअपला गिऱ्हाईक पुन्हा मिळते आणि ती चौथ्या मालकाच्या दारात जाते. सौद्याच्या दिवशी रेडिएटरमध्ये हिरवेगार ताजे कूलंट दिसणे ही विक्रेत्यांची जुनी तयारी असल्याने, मुरलेला खरेदीदार त्या रंगाकडे फारसे लक्ष देत नाही. सकाळी इंजिन थंड असताना तो झाकण उघडतो, रेडिएटरच्या गळ्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवतो आणि बोटाला तांबडा चिखल लागला की किंमत पुन्हा पहिल्यापासून बोलायला घेतो.