पेलेल ते धनुष्य

लाँगबो म्हणजे इंग्लंडचे लांब लाकडी धनुष्य. उंची माणसाएवढी किंवा किंचित जास्त, मधे जाड, टोकांकडे निमुळते, आणि आडव्या छेदात इंग्रजी डी अक्षरासारखे. लक्ष्याकडची बाजू सपाट असते, तिला पाठ म्हणतात. तिरंदाजाकडची बाजू गोलसर असते, ते पोट. नेम धरण्यासाठी त्यावर खूण नसते, बाण टेकवायला फळी नसते, तोल सांभाळणाऱ्या दांड्याही नसतात. लाकूड, दोरी आणि माणसाचे शरीर एवढाच सारा संसार. म्हणूनच असे धनुष्य माप घेऊन शिवलेल्या अंगरख्यासारखे अंगाला बसावे लागते. अंग तर वयाबरोबर बदलत राहते. त्यामुळे धनुष्याची निवड आयुष्यात एकदाच होत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

ही गोष्ट सर्वांत सुरेख सांगितली ती ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने. लेस्टरशायरमधल्या थर्कास्टन गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुढे वुस्टरचा बिशप झाला. १५४९ मध्ये बालराजा सहावा एडवर्ड याच्यासमोर प्रवचन करताना त्याने आपल्या वडिलांची आठवण काढली. वडिलांनी त्याला धनुष्य ओढायला शिकवले ते दंडाच्या बळावर नव्हे, सारे अंग धनुष्यात घालून. त्याच्यासाठी धनुष्ये घेतली तीही त्याचे वय आणि ताकद पाहून. मुलगा वाढत गेला तशी धनुष्ये मोठी होत गेली. या प्रवचनाच्या काळी मुलाच्या हाती धनुष्य देणे हे बापाचे कायदेशीर कर्तव्यच होते. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्यानुसार ७ ते १७ वर्षांच्या मुलाला घरातून एक धनुष्य आणि २ बाण मिळायला हवेत, आणि १७ नंतर त्याने स्वतःचे धनुष्य व ४ बाण बाळगायला हवेत. कायद्याने धनुष्य सक्तीचे केले. मुलाला कोणते धनुष्य साजेल, हे ओळखणे मात्र बापाच्या नजरेवर होते.

निवडीची सुरुवात लाकडापासून होते. या धनुष्यासाठी नावाजलेले लाकूड यू या सूचिपर्णी झाडाचे. यूच्या खोडाचा कापलेला भाग समोर धरला की सालीलगत फिकट, सायीच्या रंगाचा पातळ थर दिसतो आणि त्याच्या आत तांबूस-नारिंगी गाभा. बाहेरचा थर म्हणजे रसकाष्ठ, आतला मध्यकाष्ठ. धनुष्य वाकते तेव्हा पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. यूचे रसकाष्ठ ताण सोसण्यात तरबेज, तर मध्यकाष्ठ दाब सोसून पुन्हा उसळी घेण्यात. कारागीर दोन्ही थर एकाच पट्टीत राखतो: फिकट भाग पाठीला, तांबूस भाग पोटाला. दोन वेगळी लाकडे चिकटवून जे साधावे लागते, ते या झाडाने वाढता वाढताच साधलेले असते. डोंगराळ, थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या झाडाची वलये दाट असतात आणि धनुष्याला तेच लाकूड अधिक मानवते. इंग्लंडला हे लाकूड घरचे पुरेना. म्हणून १४७२ च्या कायद्याने परदेशी व्यापाऱ्यांना जहाजातल्या दर टन मालामागे धनुष्याच्या ४ पट्ट्या आणणे बंधनकारक केले.

पट्टी पाहताना नजर तंतूंवर ठेवावी. लाकडाच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जायला हव्यात. मधेच तिरपी निघून पाठीवरून सुटणारी रेषा ही उद्याची चीर असते. गाठ दिसली म्हणून पट्टी टाकून द्यायची नसते. जाणता कारागीर गाठीभोवती थोडे लाकूड जास्त राखतो, त्यामुळे तिथे बारीकसा फुगवटा दिसतो. नवख्याला तो ओबडधोबडपणा वाटतो, पण ती कारागिराने घेतलेली काळजी असते. रॉजर अ‍ॅस्कमने १५४५ मध्ये ‘टॉक्सोफिलस’ हा तिरंदाजीवरचा ग्रंथ आठव्या हेन्रीला अर्पण केला. त्यात फांदीपेक्षा खोडाच्या लाकडाला पसंती आहे; गाठींबाबत मात्र तो अधिक कडक आहे, आणि सरळ, पीळ न पडलेल्या, गाठी व चिरा नसलेल्या धनुष्याची शिफारस करतो.

यू आज महाग आहे आणि सहज मिळत नाही. म्हणून बरीच धनुष्ये थर चिकटवून घडवतात. पाठीला हिकरी किंवा बांबू, पोटाला लेमनवुड किंवा ओसेज अशी जोडी असते. बांबूची बाहेरची साल ताण उत्तम सोसते. सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकमठा बांबूचाच असतो. पहिले धनुष्य थरांचे घेण्यात काही कमीपणा नाही. ते हवामानाचे चढउतार बऱ्यापैकी सोसते आणि शिकाऊ हाताच्या चुकाही थोड्याफार पचवते.

लाकडानंतर माप. दोरी ओढून बाण सोडण्याआधी हात जिथे थांबतो, तिथपर्यंतच्या अंतराला ओढ म्हणू. ती ठरवण्याची सोपी रीत अशी: दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरावेत, मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे आणि त्याला २.५ ने भागावे. ७० इंच भरले तर ओढ २८ इंच, ६५ भरले तर २६. हा अंदाज आहे. पक्के माप हलक्या धनुष्यावर लांब बाण लावून, हनुवटीपाशी किंवा ओठांच्या कडेशी हात नेमाने येऊ लागल्यावरच घ्यावे. नवशिक्याची ओढ पहिल्या काही महिन्यांत वाढतेच, कारण पाठीचे स्नायू कामाला लागतात आणि आखडलेला खांदा मोकळा होतो.

धनुष्याची लांबी ओढीवरून ठरते. २६ इंच ओढीला साधारण ५ फूट ८ इंच, २८ ला ६ फूट आणि त्याहून जास्त ओढीला ६ फूट २ इंच किंवा अधिक. लांब धनुष्याला कमी वाकावे लागते. म्हणून ते सौम्य वाटते, शेवटच्या दोन इंचांत एकाएकी जड होत नाही आणि मोडण्याची भीतीही कमी असते. आखूड धनुष्य चपळ असते, पण ते लाकडाच्या सोसण्याच्या हद्दीजवळ काम करते. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, ५००० वर्षांहून जुना ‘ओट्झी’ नावाचा माणूस जेमतेम १.६ मीटर उंचीचा होता. त्याच्याजवळचे यूचे धनुष्य १.८२ मीटर लांब होते. तासण्याच्या खुणा त्यावर तशाच होत्या, ते पुरे व्हायचे राहिले होते.

सर्वांत जास्त चूक होते ती ताणाच्या बाबतीत. ताण म्हणजे ठरावीक ओढीपर्यंत दोरी खेचून धरायला लागणारे बळ. ते पौंडांत मोजतात आणि धनुष्यावर ‘४० पौंड, २८ इंच’ असे लिहितात. हा आकडा त्या ओढीपुरताच खरा असतो. या ताणाच्या धनुष्यात एका इंचामागे साधारण अडीच पौंडांचा फरक पडतो. हेच धनुष्य २६ इंच ओढणाऱ्याच्या हातात सुमारे ३५ पौंडांचे होते. ३० इंच ओढणाऱ्याने ते घेतले तर ताण ४५ च्या घरात जातो आणि मोडण्याचा धोकाही तो पत्करतो. म्हणून आकडा विचारताना ओढही विचारावी.

शिवधनुष्य पेलणे हा मराठीतला गौरवाचा वाक्प्रचार आहे. पहिले धनुष्य निवडताना मात्र हा गौरव बाजूला ठेवावा. ‘मेरी रोझ’ हे आठव्या हेन्रीचे लढाऊ जहाज १५४५ मध्ये सोलेंटच्या समुद्रात बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. त्यात १३७ अखंड धनुष्ये आणि ३५०० हून अधिक बाण मिळाले. त्यांतल्या बहुतेक धनुष्यांचा ताण १०० पौंडांहून बराच जास्त असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. हे आकडे ऐकून हौशी माणसाला स्फुरण चढते. पण ती धनुष्ये ओढणाऱ्यांचे खांदे लहानपणापासून घडत आलेले होते. जहाजावरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या फऱ्याचे टोकाचे हाड जुळलेले नव्हते, आणि संशोधकांनी त्याचा संबंध या दीर्घ सवयीशी जोडला आहे. त्या धनुष्यांमागे एकेका माणसाचे सारे बालपण आणि तारुण्य उभे होते. शनिवार-रविवारच्या सरावाने ती मजल गाठता येत नाही.

१० वर्षांच्या मुलाला १० ते १५ पौंडांचे धनुष्य पुरते. निरोगी प्रौढाने २५ ते ३५ पौंडांपासून सुरुवात करावी. पारख आकड्यापेक्षा अंगावर करावी. दोरी पूर्ण ओढून हनुवटीशी आणावी, श्वास न कोंडता ५ ते ६ आकडे मोजावेत आणि दोरी हळूहळू, ताब्यात ठेवून परत न्यावी. बाण नसताना ती कधीही सोडू नये, कारण बाणाला मिळायचे सारे बळ मग लाकडातच फुटते. ओढताना धनुष्याचा हात थरथरला, खांदा कानाकडे चढला, पाठ मागे कलली किंवा दोरी आणताना हात आभाळाकडे गेला, तर ते धनुष्य आज जड आहे. एकदा ओढता येणे पुरेसे नसते. तिसावा बाण पहिल्याइतकाच शांतपणे सुटला पाहिजे. जड धनुष्यावर शिकणारा माणूस घाईने सोडायला शिकतो, आणि ही खोड मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ताण वाढवायचा तर एका वेळी ५ पौंड पुरेत. सारे अंग धनुष्यात घालण्याची लॅटिमरच्या वडिलांची शिकवण हलक्या धनुष्यावरच मुरते.

माप आणि ताण जुळला की धनुष्य हातात घेऊन निरखावे. दोरी चढवलेली असताना एका टोकाकडून पाहिले तर दोरी मुठीच्या मधोमध किंवा तिला लागून जायला हवी. ती एका बाजूला पळत असेल तर भुजेला, म्हणजे मुठीच्या वरच्या किंवा खालच्या भागाला, पीळ आहे. मग दुसऱ्या कुणाला ते ओढायला सांगून दुरून त्याची कमान पाहावी. वरची आणि खालची भुजा सलग, भरीव वाकली पाहिजे. एकाच जागी बिजागरीसारखा मोड दिसला तर सारा भार तिथेच येतो आणि धनुष्य कधीतरी तिथेच मोडते. कारागिराची खरी परीक्षा या कमानीत असते. जास्त काम कुठे होते हे पाहत तो दर वेळी चिमूटभर लाकूड तासतो, पुन्हा ओढून पाहतो, पुन्हा तासतो. शेवटी पोटावरून बोट फिरवावे आणि उजेडात तिरपे धरून पाहावे. आडव्या, केसासारख्या सुरकुत्या दिसल्या तर दाबाने तंतू चिरडले गेले आहेत. पाठीवर उचकटलेली कपची दिसली तर तंतू तुटायला लागला आहे. पहिल्या दोषाचे धनुष्य काही काळ चालते, दुसऱ्याचे चालवणे धोक्याचे. दोरी काढल्यावर टोके पोटाच्या बाजूला थोडी झुकलेली राहिली तर चिंता नको; वापरातल्या लाकडाला तेवढा बाक येतोच.

दोरी आणि बाण याच निवडीचा भाग आहेत. चढवलेली दोरी पोटापासून किती दूर असावी, याचे जुने माप हाताचेच आहे: मूठ मिटून पोटावर टेकवावी आणि अंगठा उभा करावा. त्याच्या टोकाशी दोरी यावी, म्हणजे साधारण ६ इंच. लाँगबोत बाण धनुष्याला वळसा घालून जातो. सुटताना तो मधे लवतो, मूठ ओलांडतो आणि मग सरळ होतो. बाणाची काडी फार ताठ असेल तर तो एका बाजूला जातो, फार लवचिक असेल तर दुसऱ्या. म्हणून काडीचा ताठपणा प्रत्यक्ष ओढीवरच्या ताणाशी जुळवून घ्यावा. सीडर किंवा पाइनची काडी आणि पिसांचे तीन पंख ही या धनुष्याची नेहमीची जोड आहे.

नवे धनुष्य घरी आले की त्याला आपली ओढ शिकवावी लागते. आधी अर्ध्यापर्यंत, मग पाऊणपर्यंत ओढून १५ ते २० वेळा सावकाश परत न्यावे आणि त्यानंतरच बाण लावावा. अ‍ॅस्कमही खरेदीनंतर धनुष्य मैदानात नेऊन चालवून पाहायला सांगतो. ते कुठे जास्त वाकते हे कळल्यावर उरलेली डागडुजी करावी. सराव संपला की दोरी उतरवावी, धनुष्य आडवे ठेवावे, मेण किंवा तेलाचा हात फिरवावा. दमट हवेत लाकूड ओलावा घेऊन मंद होते, उन्हात तापलेल्या मोटारीत ते कायमचे बाक धरते.

मूल वाढते तसे त्याचे धनुष्य आखूड पडते आणि धाकट्या भावंडाकडे जाते. तरुणपणी ताण वाढतो, मध्यमवयात स्थिरावतो. पुढे एखाद्या वर्षी तेच धनुष्य हनुवटीपर्यंत येताना अडू लागते. खांदा दुखतो, बाण खाली पडतात. तेव्हा हट्टाने ओढत राहणे शरीराला आणि लाकडाला दोघांनाही वाईट. अशा वेळी दुसरे हलके धनुष्य घ्यावे, किंवा आहे तेच कारागिराकडे न्यावे. पोटाकडून दोन्ही भुजांचे लाकूड सारखे तासले की ताण ५ ते १० पौंडांनी उतरवता येतो आणि कमान तशीच राहते. टोके कापून धनुष्य आखूड केले तर ताण वाढतो, पण लाकडावरचा भारही वाढतो. तासलेले लाकूड मात्र परत लावता येत नाही. म्हणून तासणी थोडी थोडी करावी आणि दर वेळी त्याच माणसाने ओढून पाहावे. दोरी पुन्हा शांतपणे हनुवटीशी येऊन थांबू लागली की तासणे थांबवावे.