आम्ही नुसतं फिरायला आलो होतो

आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. 'यंदा टोळीत किती कोयते?' असं कुणी मुकादमाला विचारलं, तर तो अवजारं मोजत नाही, जोडपी मोजतो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेते, फळीवरून चढून गाडीत टाकते. दोघांची मिळून एकच उचल, एकच हिशोब. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. लग्न न झालेला, बायको वारलेला, बायको माहेरी निघून गेलेला, सगळे अर्धेच.

माझे आईवडील एकवीस हंगाम एक कोयता होते. दिवाळी झाली की निघायचे आणि पट्टा पडला की, म्हणजे मार्च-एप्रिलात, परत यायचे. मी आजीकडं शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात राहून शिकले. त्यामुळं नवरा-बायकोनं एकत्र रस्त्याला लागणं म्हणजे काय, याचं माझ्या डोक्यातलं चित्र लहानपणीच पक्कं झालं होतं. ट्रकमध्ये सगळ्यात खाली धान्याची पोती, त्यावर पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, वर गोधड्या आणि गोधड्यांवर माय. आण्णा पुढं, इतर पुरुषांबरोबर. निघताना शेजारीशेजारी बसलेले ते दोघं मला एकदाही आठवत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर, ऑक्टोबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, मी आणि माझा नवरा पुण्याहून आमची जुनी वॅगनआर घेऊन चार दिवस बीड जिल्हा फिरलो. कल्पना त्याची. तो चिपळूणचा. त्याच्या घरची कुलदेवी अंबाजोगाईची योगेश्वरी. कोकणातली कितीतरी घरं लग्नानंतर तिच्या दर्शनाला येतात. रात्री निघायचं, सकाळी ओटी भरायची, संध्याकाळी परत. "लहानपणापासून चार वेळा बीड जिल्ह्यात आलोय आणि देवळाच्या पायऱ्या सोडून काही बघितलं नाही," तो म्हणाला. "गोवा झालं, केरळ झालं. आता तुझ्याकडं फिरू."

तुझ्याकडं फिरू. हे वाक्य मी मायला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "हितं काय हाय फिरायला?"

जामखेड सोडलं की थोड्या वेळात सौताडा येतं. तिथं विंचरणा नदी पठारावरून सरळ दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे. सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पावसानं धुमाकूळ घातला होता, त्यामुळं पाणी अजून जोरात होतं. नवरा कठड्यापाशी उभा राहून बराच वेळ बघत होता. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडं सरासरी सातशेच्या आत. सह्याद्री ढगांना पश्चिमेला अडवतो आणि आमच्या वाट्याला उरलासुरला पाऊस येतो. यंदा मात्र तोच पाऊस एकदम आला आणि कापूस, सोयाबीन घेऊन गेला. धबधबा सुंदर दिसत होता. शेजारच्या शिवारात बोंडं काळी पडली होती. दोन्ही एकाच पाण्यानं केलेलं.

पाटोद्याच्या अलीकडं आम्ही चहाला थांबलो. आमच्याकडं चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात. पत्र्याचं शेड, चार बाकडी, काचेच्या कपाटात भजी आणि शेव. गावातला पुरुष दिवसातून दोनदा तरी इथं येतो. पेपर इथंच वाचला जातो, सोयरिकी इथंच जुळतात, आणि दसऱ्याच्या आधी उचलीचे व्यवहारही इथंच ठरतात. मुकादमाची डायरी चहाच्या कपाशेजारी उघडी असते. एका कोयत्याला आता लाखभर रुपये उचल मिळते. ती सहा महिन्यांत फिटली तर ठीक, नाहीतर पुढच्या हंगामावर चढते. जिच्या डोक्यावरून मोळ्या जाणार असतात, ती बाई या व्यवहाराच्या वेळी हॉटेलात नसते. ती कधीच हॉटेलात नसते. प्रवासात असलीच तर 'फॅमिली रूम' असं लिहिलेल्या पडद्यामागं.

पोऱ्यानं आम्हालाही पडदा दाखवला. मी म्हटलं, "नको, बाहेरच बसतो." बाकड्यावरचे दोघं सरकले. मग प्रश्न आले, नेहमीच्या क्रमानं. कोण्या गावचे? आडनाव काय? कुणीकडं निघालात? बीड पोलिसांनी २०२५ मध्ये आपल्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, पण हॉटेलात अजून ती लागतात. नवऱ्यानं त्याचं सांगितलं, मी माहेरचं सांगितलं. एक क्षण शांतता झाली. दोन्ही आडनावं एका बाकड्यावर कशी, हे गणित प्रत्येकानं आपापल्या मनात सोडवलं. कुणी काही बोललं नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, "काही काम काढलं व्हतं का?"

"नाही, नुसतं फिरायला," नवरा म्हणाला.

"फिरायला," म्हाताऱ्यानं शब्द चावून बघितला. "बरंय. फिरा."

चार दिवस हेच होत राहिलं. दर्शनाला आलो म्हटलं की लोक रस्ता सांगायचे. लग्नाला आलो म्हटलं असतं तर कुणाच्या, हे विचारलं असतं. 'नुसतं फिरायला' म्हटलं की बोलणं अडायचं. नवरा-बायको कामाशिवाय, देवाशिवाय, मयत-सोयऱ्याशिवाय एकत्र निघतात, यासाठी आमच्याकडं खानाच नाही.

मांजरसुंब्याजवळच्या पंपावर टोळीचा ट्रॅक्टर उभा होता. मागं दोन ट्रॉल्या. पाल, चुलीची भांडी, दोन शेळ्या, एक सायकल, सात-आठ पोरं. नवऱ्यानं फोटोसाठी मोबाइल काढला. ट्रॉलीत सगळ्यात वर बसलेल्या बाईनं आमच्या गाडीच्या मागच्या सीटवरच्या पिशव्या बघितल्या, मला बघितलं, त्याला बघितलं आणि हसून विचारलं, "तुमचा कोयता कोणत्या कारखान्याला?"

पोरं खिदळली. मीही हसले. नवऱ्यानं मोबाइल खिशात ठेवला. मग तिनंच सांगितलं की ते कर्नाटकात, चिकोडीकडं चालले आहेत. धाकटं पोरगं बरोबर, थोरली आजीकडं. थोरली आजीकडं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बीडमध्ये आम्ही खजाना बावडी बघितली. १५८२ च्या सुमारास, निजामशाहीच्या काळात बांधलेली ही गोल विहीर जमिनीखालच्या बोगद्यांमधून आलेलं पाणी साठवते आणि शेतापर्यंत नेते. दुष्काळातही ती आटत नाही म्हणून तिचं कौतुक. साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी इथं थांबून विचार केला होता की या भागात पाणी कसं टिकवायचं. पुढच्यांनी माणसंच पाण्याकडं पाठवायची सोपी वाट काढली. कृष्णा-पंचगंगेच्या काठी ऊस, आणि तोडायला आम्ही.

कपिलधारचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी बघून नेकनूर, केज करत अंबाजोगाईला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. वाटेत सीताफळांची टोपली घेतली. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ पिकवायला कुणाला जावं लागत नाही, ते खडकात आपलं आपण येतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे नवऱ्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं. विकणाऱ्या बाईनं "असंल" म्हटलं आणि दोन फळं वर टाकली.

योगेश्वरीची गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली होती. देवी मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं. वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला. देवी अंबाजोगाईतच राहिली, कुमारिका. वऱ्हाडाचे दगड झाले. परळी तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. दुसऱ्या दिवशी आम्ही ते अंतर अर्ध्या-पाऊण तासात कापलं आणि वैजनाथाच्या पायऱ्यांवर बसलो. नवरा म्हणाला, "एवढ्यासाठी राहिलं?"

मला मात्र देवीचा हेवा वाटला, खरं सांगायचं तर. आमच्याकडं हंगामाच्या तोंडावर लग्न उरकायची घाई असते, कारण अर्ध्या कोयत्याला उचल कमी. मुहूर्त टळला आणि बाई जिथं होती तिथं राहिली, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या देवळात. लोक कोकणातून तिच्याकडं येतात. तिला कुणाचं अर्धं म्हणत नाही.

परळीहून सिरसाळा, तेलगाव, वडवणी करत पुन्हा बीड आणि तिथून गावाला. मायनं बाजरीच्या भाकरी, पिठलं, ठेचा केला होता. जेवताना नवऱ्यानं तिला आम्ही कुठं कुठं गेलो ते सांगितलं. सौताडा, कपिलधार, खजाना बावडी. यातलं तिनं काहीच बघितलेलं नव्हतं. सगळं तिच्या घरापासून तासा-दोन तासांवर.

"मग तुम्ही कुठं फिरलात?" त्यानं विचारलं. मला वाटलं, हा प्रश्न तिला लागेल. पण ती खुलली. कराडकडं अकरा हंगाम, सांगलीकडं चार, कोल्हापूर, दोन वर्षं कर्नाटक. कुठल्या फडाशेजारी विहिरीचं पाणी गोड, कुठल्या गावात कोपीला जागा देताना भांडतात, कुठल्या घाटात थंडी हाडात जाते. तिला अर्ध्या महाराष्ट्राचा नकाशा पाठ होता, फक्त तो फडांचा होता. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर, हे नवऱ्यानं सांगितलं तेव्हा ती थांबली.

"म्हंजी समुद्र तितकाच लांब व्हता?"

"थोडा पुढं."

"अकरा वर्सं," ती म्हणाली. एका दिवसाचा खाडा झाला तरी त्याचे पैसे कापले जात, तिथं समुद्र कोण बघणार. पाळी आली, ताप आला तरी खाडा नको. राज्य सरकारनं २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. माझी माय त्या पाहणीत होती की नाही, मला माहीत नाही. तिची पिशवी त्याच्या खूप आधी काढली, ती तिशीत असताना. ती ते सांगते तेव्हा ऑपरेशनबद्दल बोलत नाही. "तवा दीड महिना तोडणी बुडली," एवढंच सांगते.

मी विचारलं, "चला ना आमच्याबरोबर. पुण्याला, तिथून चिपळूणला."

आण्णा इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "फिरायला जायचं म्हणल्यावर उचल कोण देतं?"

सगळे हसलो. माय हसली नाही. ती म्हणाली, "समुद्र मागून बघू. आधी मला रेल्वेत बसायचंय."

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली. या मार्गाला मंजुरी १९९५ ची. म्हणजे जवळजवळ माझ्या वयाची. लहानपणी दर निवडणुकीत ती येणार असायची. आता ती रायमोहवरून, आमच्याच तालुक्यातून जाते. माय महिनाभर तिचा आवाज ऐकत होती.

मग असं ठरलं की ते दोघं बीडहून रेल्वेनं नगरला येतील, आम्ही गाडीनं पुढं जाऊ आणि तिथून चौघं पुण्याला. सकाळी मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं. आण्णांनी दोनदा विचारलं की सामान किती घ्यायचं. एक पिशवी, मी म्हटलं. एका पिशवीत भागतं, यावर त्यांचा विश्वास बसेना.

स्टेशनवर गर्दी होती. निम्मे लोक कुठं जायला आलेले, निम्मे गाडी बघायला. आण्णा स्वतः खिडकीपाशी गेले. नवरा मदतीला निघाला, मी त्याला थांबवलं.

"नगर," आण्णा म्हणाले. "नवरा-बायको हाव."

"म्हणजे दोन," आतून आवाज आला.

त्यांनी तिकीट आणून मायच्या हातात दिलं. तिनं ते उलटंपालटं केलं. "एकच दिलं का?" तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात जुना संशय होता, हिशोबाच्या वेळचा.

अक्षरं तिला वाचता येत नाहीत. आकडे येतात. काट्यावरच्या वजनाच्या पावत्यांनी शिकवलेले. मी तिकिटावर जिथं माणसांची संख्या छापली होती तिथं बोट ठेवलं. तिनं डोळे बारीक करून आकडा बघितला, मान हलवली, तिकीट दुमडून कमरेच्या पिशवीत ठेवलं आणि आण्णांच्या आधी डब्यात चढून खिडकीची जागा धरली. मग शेजारच्या जागेवर हात ठेवून त्यांना हाक मारली.