गोळी खिशात ठेवून

"खोकलो नाय, कायच नाय डॉक्टर, नुसतो सांजचो ताप येता." किडनी बदललेल्या माणसाने असं सांगितलं की मी सावध होतो. तोंडवली-तळाशीलच्या पट्ट्यात, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, तिथे रापणीला माणसं कमी पडली की तापातही दोर ओढायला जातात. असा ताप महिना-महिना अंगावर काढला जातो.

नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून आम्हीच प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो. मग वर्षानुवर्षं निपचित पडलेला क्षय जागा होतो, पण ओळखीच्या खुणा दाखवेलच असं नाही. कातडीत टोचून करायच्या मांटू चाचणीवरही भरवसा नाही. कातडीवर सूज यायला जी शक्ती लागते, तीच आपण दाबलेली. क्षय कधी गाठींत असतो, कधी आतड्यात, कधी अस्थिमज्जेत. म्हणून मी तुकडा काढून तपासण्याचा, दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन ते पाणी घेण्याचा आग्रह धरतो. गोव्यातल्या मोलबायोच्या ट्रूनॅट यंत्रावर जंतू सापडला, तर तो रिफाम्पिसिनला दाद देईल का हेही काही तासांत कळतं. 'औषध देऊन बघू' हे मला इथे पटत नाही. औषधच किडनीवर उलटू शकतं.

रिफाम्पिसिन हे क्षयावरचं बलवान औषध. पण ते यकृताला असं चेतवतं की प्रतिकारशक्ती दाबणारा टॅक्रोलिमस रक्तात टिकत नाही. त्याचा डोस दुप्पट-तिप्पट, कधी पाचपटीपर्यंत न्यावा लागतो. पातळी घसरली तर किडनी नाकारली जाते. पुढे रिफाम्पिसिन थांबलं की पंधरवड्यात तो परिणाम ओसरतो. तेव्हा टॅक्रोलिमस वेळेत उतरवला नाही, तर तोच किडनीला विषारी ठरतो.

ही पातळी मोजायला सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. म्हणजे गोळी खिशात ठेवून पहिली एसटी धरायची, सुरुवातीला आठवड्यातून दोनदासुद्धा, भर पावसात. म्हणून औषध ठरवण्याआधी मी विचारतो, "काका, येणं जमेल ना? सोबत कोण?" आजार अंगभर पसरला असेल, मेंदूपर्यंत गेला असेल, तर रिफाम्पिसिन किंवा त्याहून सौम्य रिफाब्युटिन द्यायलाच हवं, तेव्हा मी रुग्णाला शहरात नातेवाइकांकडे राहायला लावतो. एखाद्या गाठीपुरता असेल, तर आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन आणि सुरुवातीला पायराझिनामाइड, वर्ष-दीड वर्ष. लांबतं खरं, पण तोंडवलीच्या माणसाला ते पुरं करता येतं.

एक धास्ती मात्र राहते. सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या एकत्रित गोळीत रिफाम्पिसिन मिसळलेलंच असतं, वेगळं काढता येत नाही. कुणी मायेनेच ती हातात ठेवू शकतं. म्हणून गावच्या आशाताईंना मी स्वतः फोन करतो, आणि काकांना बजावतो: लघवी नारिंगी दिसली (रिफाम्पिसिनची ती खूण) तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच मला कळवा.